नऊ नंबरची एकच प्रवासी

ही घटना माझ्या धाकट्या काकांच्या बाबतीत घडली. ऐकीव नाही. त्यांनी स्वतः, माझ्यासमोर बसून, दोनदा सांगितली. दोन्ही वेळेला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो, की काका नोकरीत पुष्कळ खोटं बोलले. घरात कधीच नाही.

सुरुवात झाली नोव्हेंबरातल्या एका बुधवारी. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. डोंगरातल्या एका बस थांब्यावर.

त्या सकाळी काका तिथे नव्हते. तिथे कुणीच नव्हतं.

एक बाई सोडून.

काका एका बस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. चाळीस वर्षांपूर्वी दोन गाड्यांवर सुरू झालेली ही कंपनी आता अकरा देशांत पसरली आहे. ती गाड्या घेऊन वाढली नाही, कंपन्या घेऊन वाढली. कुठे बापलेकांची, कुठे चार मित्रांची, कुठे एखाद्या नगरपालिकेची. दिसली की घेतली.

गिळायचं काम वरचे साहेब करायचे. पचवायचं काम काकांचं.

नवी कंपनी ताब्यात आली की काका तिथे जायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांना डेपोत जमवून सांगायचे, "काळजी करू नका, काही बदलणार नाही." दुसऱ्या आठवड्यात गणवेश बदलायचे. तिसऱ्या आठवड्यात गाड्या निळ्या व्हायच्या. चौथ्या आठवड्यात रिकामे धावणारे मार्ग बंद. ऑफिसात त्यांना सगळे ‘रंगारी’ म्हणायचे. काकांना ते नाव आवडायचं.

सतरा कंपन्या त्यांनी अशा रंगवल्या.

अठरावी लहानशी होती. बावीस गाड्या आणि एक जुना डेपो. मालक वारले होते, कारभार त्यांची बायको बघायची. मूलबाळ नाही, गुडघे गेलेले. कंपनी विकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

सह्यांच्या दिवशी मालकीणबाईंनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या.

"एक मागते," त्या म्हणाल्या. "नऊ नंबर बंद करू नका."

"का हो?"

"वर खाणीच्या वस्तीवर एक बाई राहतात. शाळेत शिकवायच्या. आता एकट्याच आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना खाली इस्पितळात यावं लागतं, डायलिसिसला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यांना दुसरी सोय नाही."

काकांच्या बॅगेत बंद करायच्या मार्गांची यादी तयार होती. कंपनी घेण्याआधी पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक गाडीच्या दारावर एक यंत्र बसवलं होतं. किती चढले, किती उतरले, ते मोजणारं. नऊ नंबरचा सकाळचा आकडा रोज तोच यायचा. शून्य, नाहीतर एक.

यादीत नऊ नंबर सगळ्यात वर होता.

"शब्द देतो," काका म्हणाले.

बाईंनी सही केली.

एक तारखेला, सोमवारी, नऊ नंबर बंद झाली.

थांब्यावर आठवडाभर आधी नोटीस लावायची पद्धत असते. पण नोटिशीवरचं कंपनीचं नवं चिन्ह छापून यायला उशीर झाला. काका म्हणाले, राहू दे, आली की लावू.

त्या सोमवारी शिक्षिकाबाई थांब्यावर दोन तास उभ्या होत्या. मग घरी परतल्या आणि कंपनीला फोन केला. फोन गेला दुसऱ्या देशात. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "आपली तक्रार नोंदवली आहे. सात दिवसांत उत्तर मिळेल."

तक्रार मंगळवारी काकांच्या संगणकावर आली. त्यांनी ती उघडली. वाचली.

उद्या बघू म्हणाले.

बुधवारी बाई पुन्हा सात दहाला थांब्यावर आल्या. डायलिसिसचा एक दिवस आधीच चुकला होता. पाय सुजलेले, दम लागत होता. गाडी येईना. धुकं आणि कडाक्याची थंडी. वस्तीत चार घरं, त्यातली दोन बंद. उरलेल्या दोघांकडे वाहन नाही.

बाई चालायला लागल्या. खालचं गाव अकरा किलोमीटर.

दुसऱ्या वळणावर, रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर त्या बसलेल्या सापडल्या. पाय जोडून, पर्स मांडीवर ठेवून. कुणाची तरी वाट बघत बसावं तशा.

हातात बसचा पास होता.

बातमी आली तेव्हा काका डेपोतच होते. त्यांनी पहिलं काम काय केलं, तेही माझ्यापासून लपवलं नाही.

नोटीस तोवर छापून आली होती. त्यांनी नऊ नंबरच्या ड्रायव्हरला बोलावलं आणि म्हणाले, "वर जाऊन ही लावून ये. फोटो काढ. मागची तारीख टाक."

ड्रायव्हर त्या बाईंच्या हाताखाली शिकलेला. त्याने कागद हातात घेतला.

"लावतो साहेब," तो म्हणाला. "तारीख मात्र तुम्ही लिहा."

काकांनी लिहिली. स्वतःच्या हाताने.

चौकशी दोन दिवसांत आटोपली. नोटीस होती, फोटो होता. कंपनीची चूक नाही, असं ठरलं. ड्रायव्हरने नोकरी सोडली.

आणि पुढच्या सोमवारी...

नऊ नंबरची गाडी रंगकामासाठी डेपोच्या मागच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन बंद. बॅटरी काढून ठेवलेली. काका ऑफिसात चहा घेत होते. यंत्रांचे आकडे समोरच्या पडद्यावर येत होते.

सात दहाला एक ओळ आली.

नऊ नंबर. चढले... एक.

काकांनी मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री शेडमध्ये जाऊन आला. "दार बंद आहे साहेब. वायर शॉर्ट झाली असेल."

"बॅटरी नसताना?"

मिस्त्री पुन्हा शेडकडे गेला.

बुधवारी सात दहाला पुन्हा तेच. शुक्रवारी पुन्हा. मंगळवार, गुरुवारी काही नाही.

चढले, एक. उतरले... शून्य.

मिस्त्रीने यंत्रच उपटून काढलं. काकांच्या टेबलावर आणून ठेवलं. "घ्या, आता मोजू दे कुणाला मोजायचंय ते."

सोमवारी सकाळी ते टेबलावरच होतं. वायरी लोंबत होत्या. काका त्याच्याकडे टक लावून बसले होते. सात दहा झाले. पडद्यावर काही आलं नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीने... कुणीतरी सावकाश बसावं तसा आवाज केला.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

काकांनी त्याच दिवशी बदली मागितली. कंपनीला अडचण नव्हती. एकोणिसावी कंपनी नुकतीच घेतली होती, समुद्रापलीकडे, दुसऱ्याच देशात. तिथे ना डोंगर, ना खाण, ना ओळखीचं माणूस.

काका गेले. मनात म्हणाले, सुटलो.

पहिल्या दिवशी डेपोत भाषण झालं. मग रीतीप्रमाणे त्यांनी एका मार्गावर फेरी मारली. दुपारची वेळ, लख्ख ऊन. गाडी जवळजवळ रिकामी होती. काका मधल्या बाकावर खिडकीशी बसले.

पुलाजवळ घंटा वाजली. पुलावर थांबा नव्हता. तरी ड्रायव्हरने गाडी उभी केली. दार उघडलं.

कुणी उतरलं नाही.

थंड हवेचा एक झोत आत आला... त्या उन्हात. मग पायरीवर पाऊल पडल्याचा आवाज. मग दुसऱ्या पावलाचा. मध्ये दम खायला थांबल्यासारखी शांतता.

काकांच्या शेजारची गादी हळूच खाली दबली.

त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मान वळेचना. शेवटच्या थांब्यापर्यंत ते काचेला चिकटून बसून राहिले. शेजारी कुणाचा तरी श्वास चालू होता. धापा टाकल्यासारखा.

गाडी थांबली. ड्रायव्हर आरशातून बघत सहज म्हणाला, "साहेब, तुमच्याबरोबरच्या बाईंना कुठे जायचंय? त्या कधीच्या विचारतायत."

काका दुसऱ्या दिवशी परत आले. सरळ मालकीणबाईंच्या घरी गेले. ऑफिसात नाही, स्वतःच्या घरीसुद्धा नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. यादी, तक्रार, मागची तारीख. बाई गुडघ्यांवर शाल घेऊन ऐकत होत्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "मला शब्द दिलात, तेव्हाच तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मलाही तसं वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी मी सही केली. मलाही सुटायचंच होतं ना."

त्यांनी गुडघ्यांवरची शाल सारखी केली.

"त्या मला छळतायत," काका म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "त्या कुणाला छळणाऱ्यातल्या नव्हत्या हो. वर्गात कधी आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांना इस्पितळात पोचायचंय, दुसरं काय." मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "गाडी तुम्ही बंद केलीत. आता तुम्हीच पोचवा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. काका उजाडायच्या सुमारास टॅक्सीने वस्तीवर गेले आणि टॅक्सी परत पाठवली. थांब्यावर बसले. मागे ती नोटीस होती, त्यांच्या अक्षरातल्या तारखेसकट. धुकं इतकं, की रस्त्यापलीकडचं घर दिसेना.

सात दहा झाले.

काही घडलं नाही. काका उठले आणि उतार चालायला लागले.

शंभर पावलं गेले असतील...

मागून पावलं वाजू लागली. हळू, ओढत टाकलेली. काका थांबले, तीही थांबली. काका चालले, तीही चालू लागली. मग ती बरोबरीला आली.

काकांनी आपली चाल कमी केली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. माणूस म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना करतो तशी.

पहिलं वळण गेलं. दुसरं आलं. तो कठडा दिसला. इथे ती पावलं थांबणार, असं त्यांना वाटलं.

पावलं थांबली.

काकांना काय सुचलं कोण जाणे. ते म्हणाले, "बाई, थोडंच राहिलंय. चला."

थोडं राहिलेलं नव्हतं. आठ किलोमीटर होते. तेही खोटंच.

पण पावलं पुन्हा चालू लागली.

तीन तास लागले. खाली गाव लागलं, दुकानं लागली, माणसं लागली. गर्दीतही ते पाय ओढल्याचा आवाज काकांच्या डाव्या हाताला येत होता. लोक काकांना वाट देत होते, आणि जराशी जास्तच देत होते. दोघांना देतात तेवढी.

इस्पितळाचं काचेचं दार काका पाच-सहा पावलं लांब असतानाच सरकलं. उघडलं... आणि बंद झालं.

काका धावत आत शिरले.

डायलिसिसच्या खोलीबाहेर टेबलाशी एक नर्स बसली होती. मान खाली, काहीतरी लिहीत होती. ती वर न बघताच म्हणाली,

"या बाई. आज फार उशीर केलात."

मग तिने मान वर केली. समोर काका एकटेच. ती ओशाळली. "माफ करा," म्हणाली, "नेहमीच्या एक बाई होत्या. पाय ओढत यायच्या. मला वाटलं..."

तिला वाक्य पुरं करता आलं नाही. खोलीच्या आतून, कडेच्या रिकाम्या पलंगावर कुणीतरी अंग टाकल्याचा आवाज आला होता. तो दोघांनीही ऐकला.

नर्स उठली नाही. काकाही आत गेले नाहीत.

पुढच्या सोमवारी काकांनी कंपनीला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं. नोटीस नव्हती, तारीख मी टाकली, तक्रार मी वाचली होती. तीन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालेलं आहे, नोंदीत फोटो उपलब्ध आहे, आपण थोडी विश्रांती घ्यावी. काकांनी राजीनामा दिला, तर त्यावर कारण म्हणून ऑफिसनेच ‘तब्येत’ लिहून टाकलं. पोलिसांकडेही गेले. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि घरी सोडायला माणूस बरोबर दिला.

कंपनीने त्यानंतर आणखी पाच कंपन्या घेतल्या. नऊ नंबर काही पुन्हा सुरू झाली नाही.

मागच्या महिन्यात मी काकांना विचारलं, "पुन्हा कधी काही जाणवलं का?"

"नाही. त्या शुक्रवारनंतर काही नाही. ना आवाज, ना काही."

"मग बरं झालं की, काका."

काकू चहाचे कप उचलून आत गेली, तेव्हा काका हळूच म्हणाले,

"बरं कसलं रे. त्या बाई बरोबर होत्या तोवर मला वाटायचं, अजून काहीतरी करता येईल."