डेल कांगसची साक्ष आणि आम्ही दोघं

गाडी माझी नाही, हे मला किल्ली आत जाईना तेव्हासुद्धा कळलं नाही. कळलं ते शेजारच्या सीटवरून आवाज आला तेव्हा.

“चोरायचीच असेल तर आधी हीटर लावा. केव्हाचा गारठलोय मी.”

मी किंचाळलेच. तो मात्र मांडीवर कागद पसरून निवांत पेस्टी— बटाटा भरलेली मोठी करंजीच ती— खात होता. नोव्हेंबरचं धुकं सरोवरावरून थेट कोर्टाच्या आवारात शिरलं होतं. काचेबाहेर हात केला तर बोटं दिसत नव्हती.

“माझी गाडीपण... करडीच आहे,” मी म्हणाले.

“आज सगळं गावच करडं आहे. मी लुशियन कॅड्रो. जोआनबाईंचा पाय मोडलाय, त्यांच्या जागी रेकॉर्डिंगला आलोय.”

“आणि मी—”

“ऐली निएमी. सुनावणी अधिकारी. दारावर फोटो आहे तुमचा.” त्यानं ओठांवरचा बटाटा पुसला. “फोटोत एवढ्या ओरडत नाही तुम्ही.”

मी तोंड वळवून हसले. धुक्यामुळे त्याला दिसलं नसावं... असं मला वाटलं. आम्ही एकाच गाडीत बसलोय, हे विसरलेच होते.

माझं काम मुलांच्या पोटगीचं. आई येते, बाप येतो— किंवा येत नाही— आणि मधे एक मूल असतं. या मुलाचा बाप कोण आणि त्याला जबाबदारी कशी घ्यायला लावायची, हे मी ठरवायचं. लांब राहणारे लोक फोनवरून हजर होतात. टेबलावर स्पीकर, पलीकडे लुशियन, कानांवर हेडफोन लावून. माझ्यासमोर लोक रडायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे, आणि मी चेहरा दगडासारखा ठेवायचे. पण एखादी सुनावणी फार जड गेली की लुशियन माझ्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवायचा.

“दिवसभर तुमचा आवाज माझ्या कानात असतो,” एकदा तो यंत्र बंद करता करता म्हणाला. “घरी गेलं की फार शांत वाटतं.”

“मग रेडिओ लावा.”

“लावला. त्यावर तुम्ही नसता.”

मी कागद आवरायला लागले. आवरलेलेच कागद पुन्हा आवरले.

अशाच एका धुकट दुपारी ट्रीना बोड्री आली. विशीतली पोरगी, कडेवर आठ-नऊ महिन्यांची मुलगी. मुलीचं नाव वेरा. बाप म्हणून तिनं नाव दिलं होतं डेल कांगसचं. तो मासेमारी करायचा, स्वतःची बोट होती. भांडण झाल्यावर त्यानं मूल आपलं नाही म्हणून हात झटकले होते. दोनदा बोलावूनही आला नव्हता. त्याच्या आईनं तर ट्रीनाच्या तोंडावर दार लावलं होतं.

“आजही नाही यायचा तो,” ट्रीना म्हणाली. “तुम्ही उगाच वाट बघताय.”

मी त्याच्या मोबाइलचा नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. मी ठेवणार, एवढ्यात फोन उचलला गेला.

आधी नुसतं पाणी ऐकू आलं. लाटांचा आवाज नव्हे... पाण्याखाली डोकं घातल्यावर कानात घुमतं ना, तसं काहीतरी. मग एक पुरुषी आवाज, अगदी जवळून.

“मी डेल कांगस.”

ट्रीनानं तोंडावर हात ठेवला. मी शपथ दिली, त्यानं ती शब्दाशब्दानं म्हटली.

“वेरा तुमची मुलगी आहे का?”

“माझीच आहे. मी खोटं बोललो होतो. घाबरलो होतो मी.” मग तो म्हणाला, “ट्रीना, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय,” ती कशीबशी म्हणाली.

कडेवरची वेरा एकदम स्पीकरकडे झुकली आणि खदखदून हसली. कुणीतरी गालाला गुदगुल्या केल्यासारखी.

“मिस्टर कांगस, तुम्ही कुठून बोलताय?”

“बोटीजवळून. इथे फार गार आहे हो, मॅडम.”

आणि फोन बंद झाला. खोलीत ओल्या दोराचा, माशांचा वास पसरला होता. खिडक्या तर सगळ्या बंद होत्या. मी लुशियनकडे पाहिलं. त्यानं हेडफोन काढून हातात धरले होते.

निकाल टाइप करून सहीला यायच्या आतच किनारा पोलिसांना डेल सापडला. बोट खडकावर आपटून उलटली होती आणि तो जाळ्यात गुंतून खाली राहिला होता. डॉक्टर म्हणाले, सुनावणीच्या बऱ्याच आधी गेलाय. मोबाइल कोटाच्या खिशात होता, पाण्यानं फुगलेला.

जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाच्या, म्हणजे शेरीफच्या, ऑफिसमधून फोनवर हे ऐकून मी उठले ती सरळ लुशियनच्या टेबलापाशी गेले. मी काही बोलायच्या आतच त्यानं मला खुर्ची दिली आणि हेडफोनचा एक कान माझ्याकडे केला. दुसरा स्वतःच्या कानाला लावला. आमची डोकी एकमेकांना टेकली.

माझा आवाज आला. ‘वेरा तुमची मुलगी आहे का?’ मग शांतता. माणूस उत्तर देईल तेवढी लांब शांतता. मग ट्रीनाचं ‘ऐकतेय’. मग वेराचं हसू. मग पुन्हा मी, कुणाला तरी विचारतेय, कुठून बोलताय... आणि पलीकडे कुणीच नाही.

“आपण ऐकलं ना?” मी कुजबुजले. “मला सांगा, आपण ऐकलं ना?”

“ऐकलं.” तो माझ्या इतका जवळ होता की त्याचा श्वास गालाला लागला. “तुम्ही एकट्या नव्हता तिथे, ऐली.”

मला त्या क्षणी भीती वाटत होती, खरंच वाटत होती. तरीही त्यानं मला पहिल्यांदा नुसत्या नावानं हाक मारली, हे माझ्या लक्षात आलंच.

पण वेराचं काय? बाप कायद्यानं सिद्ध झाला नाही तर तिला त्याचं नाव नाही, आणि बाप गेलेल्या मुलांना सरकार जो आधार देतं तोही नाही. आणि मृत माणसाची शपथ मी कुठल्या तोंडानं नोंदवणार? डेलचं शरीर त्याच्या आईनं लगेच दहनाला दिलं होतं. आता एकच वाट उरली होती— आजीच्या रक्ताची डीएनए चाचणी. तीही तिनं स्वतःहून दिली तर.

मी आता या प्रकरणाची साक्षीदार झाले होते. म्हणून ते शेजारच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे सोपवलं आणि त्यांच्या परवानगीनं शनिवारी डेलच्या आईच्या सांत्वनाला निघाले. दाराबाहेर लुशियन उभा होता, गाडी चालू ठेवून.

“तुम्हाला कुणी बोलावलं?” मी विचारलं.

“कुणीच नाही. हाकलून द्या हवं तर.”

मी दार उघडून बसले.

लेम्पी कांगस सरोवराच्या अगदी काठावर राहायच्या. सत्तरीच्या, ताठ. त्यांनी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापून पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “त्या पोरीची बाजू घेऊन आला असाल तर कॉफी प्या आणि निघा. माझ्या डेलनं मला कधी सांगितलं नाही, मूल त्याचं आहे म्हणून.”

“आम्हाला सांगितलं त्यानं,” मी म्हणाले, आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“पाण्याचा आवाज होता म्हणालात?”

“हो.”

त्यांनी भिंतीवरच्या जुन्या फोनकडे पाहिलं. “तो गेल्यापासून रोज वाजतो. उचलला की पाण्याचा आवाज. मी आपटून ठेवते. लोक दुःखातल्या माणसाचीही थट्टा करतात, म्हणून...”

आणि फोन वाजला.

कुणीच हललं नाही. बाहेर धुकं काचेला चिकटून बसलं होतं. टेबलाखाली माझा हात लुशियनच्या हातात होता. तो कुणी कधी धरला, मला आजही सांगता येणार नाही.

“उचला,” मी म्हणाले. “या वेळी ठेवू नका. थांबा थोडं.”

लेम्पीबाई उठल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्यांचा ताठ कणा वाकला आणि त्या अगदी मऊ आवाजात बोलायला लागल्या, लहान मुलाशी बोलावं तशा. “हो रे... हो. नाही रागावले... घेईन. जवळ घेईन तिला. आता जा तू. जा बाळा, गारठू नकोस.”

फोन ठेवून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. लुशियननं पटकन पुढे होऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. रडणं ओसरल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि मला विचारलं, “ती चाचणी कुठे द्यायची असते? आणि तिला पाव चालतो का... की अजून दात नाहीत?”

चाचणी जुळली. निकाल त्या दुसऱ्या अधिकाऱ्यांनी दिला, त्यामुळे माझी सही त्यावर नाही. पण वेरा आता वेरा कांगस आहे, आणि दर शनिवारी आजीच्या मांडीवर असते.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही लेम्पीबाईंच्या घरातून निघालो तेव्हा रस्ता दिसत नव्हता. लुशियननं गाडी सुरूच केली नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“डेल म्हणाला ना, घाबरलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं बिचाऱ्याला, आणि त्यासाठी केवढ्या लांबून यावं लागलं.” तो समोरच्या धुक्याकडे बघत होता. “मलाही भीती वाटते, ऐली. पण मला माझं वाक्य जिवंतपणी बोलायचंय. आवडतेस तू मला. जोआनबाई परत आल्या की मी या ऑफिसातून जाणार... तुझ्या आयुष्यातून जायचं नाहीये मला. चालेल का तुला?”

मी नुसती मान डोलावली.

“मान नको,” तो म्हणाला. त्याचे डोळे हसत होते. “रेकॉर्डिंगमध्ये मान ऐकू येत नाही. स्पष्ट बोल.”

“हो,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, धुक्यात उभं राहून कुणी ऐकत असेल तर त्यालाही ऐकू जावं असं.