ड्रायव्हरच्या सीटवरचा डाग

डाग कडेला गडद आणि मध्ये फिका होता. भिजलेलं कापड आपोआप वाळलं की असंच होतं; पाणी उडून जाताना आत विरघळलेलं सगळं कडेकडे ढकलत नेतं आणि तिथेच सोडून जातं. गाडीच्या राखाडी सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला उमटलेला तो आकार कामिनीने क्षणभर नुसताच पाहिला. मग तिने पोर्चचं फाटक लावलं, गाडीच्या काचा खाली केल्या आणि ओढणी नाकाशी न नेता कामाला लागली.

दुपार होती. सासरे, मनोहरराव, जेवून आतल्या खोलीत लवंडले होते. ते उठायच्या आत सगळं आटपायला हवं होतं... नेहमीसारखंच!

पाणी आणि व्हिनेगर निम्मं निम्मं, तेही फवाऱ्याच्या बाटलीतून, कापड जेमतेम दमट होईल इतकंच. मग जुना सुती टॉवेल घडी करून वरून दाबायचा; घासायचं नाही, घासलं की घाण आणखी खोल जाते. गरम पाणी तर मुळीच नाही. शेवटी खाण्याचा सोडा भुरभुरवायचा आणि त्याने वास ओढून घेतला की ब्रशने झाडून टाकायचा. सगळ्यांत मोठं पथ्य म्हणजे कापडाखालच्या फोमपर्यंत पाणी पोचू द्यायचं नाही. फोम एकदा भिजला की दिवसच्या दिवस वाळत नाही. केमिस्ट्रीत एम.एस्सी. होऊन, लेक मिनूच्या जन्मापर्यंत ज्युनियर कॉलेजात शिकवलेल्या कामिनीला यात अवघड असं काहीच नव्हतं. अवघड होतं ते हे, की आपली विद्या आपण सासऱ्यांची लाज झाकायला वापरतो आहोत, आणि हे या घरात कुणाजवळ बोलायची सोय नाही!

दिवाळीच्या आधी एका सकाळी दूध घ्यायला म्हणून ती बाहेर आली, तर मनोहरराव भिजल्या धोतरानिशी गाडीच्या उघड्या दाराशी उकिडवे बसून खांद्यावरच्या दुपट्ट्याने सीट पुसत होते. पाटबंधारे खात्याची जीप आयुष्यभर कच्च्या रस्त्यांवरून हाकलेला, ज्याच्या खाकरण्याने घर सरळ होऊन बसायचं असा तो माणूस चोरासारखा वळून वळून मागे पाहत होता! कामिनी दाराआड झाली. तिला सगळं कळलं, आणि आपल्याला कळल्याचं त्यांना कधीही कळू नये, असंच तिच्या मनाने घेतलं. सुनेने सासऱ्याशी चहाचं बोलावं, औषधाचं बोलावं... देहाच्या गोष्टी तिने त्यांच्यासमोर काढायच्या नसतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते या घराच्या हवेतच होतं. वय झालं की होतं असं, तिने स्वतःला समजावलं. दुपारी ते झोपल्यावर तिने सीट स्वच्छ केली.

 त्यानंतर जेव्हा जेव्हा तसं घडे, तेव्हा गाडीची किल्ली मनोहररावांच्या खिशात न राहता स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्यावर लटकलेली दिसे. दोघांमध्ये या विषयावर झालेलं बोलणं म्हणायचं तर एवढंच.

आणि मग तो ताकाचा दिवस!

"गाडीत कायचा वास येऊन राहिला?" तिचा नवरा पियुष मिहान या उद्योगवसाहतीतल्या कंपनीतून आला होता, आणि गाडीतून चक्कर मारून येताच सगळ्यांसमोर त्याने विचारलं. कामिनीच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडून ताक सांडलं."

"ताक!" सासूबाई प्रेमिला यांनी कपाळाला हात लावला. "एम.एस्सी. झाली वं, पण ताकाचा डबा काही धरता येत नाही तुले! नवीकोरी गाडी नासवली."

मनोहरराव वर्तमानपत्रामागे होते. पान उलटलं गेलं... पण कागद खाली आला नाही. त्या दिवसापासून 'ताकवाली' हे तिचं घरातलं नाव झालं. पाहुण्यांसमोरही प्रेमिला हसत हसत ते सांगायच्या, आणि कामिनीही हसायची. रात्री उशीला तोंड लावलं की मात्र तिला वाटे, एक शब्द... एकच शब्द बोलले असते ना ते!

पण आज तिच्या मनात दुःख नव्हतं. आज भीती होती. टॉवेल दाबता दाबता तिचा हात थांबला होता.

घरातल्या चादरी, पलंगपोस सगळं तिच्याच हातून धुवायला जायचं. त्यांत कधी काही नसायचं. म्हातारपणाचं दुखणं असतं तर ते फक्त गाडीत का व्हावं? गेल्या आठवड्यात मनोहररावांनी फिकं वरण मागितलं होतं. जीभ कडेने चावली गेली, म्हणाले. गाडीच्या डाव्या दारावर नवा ओरखडा होता, आणि तो कुठे लागला हे त्यांना सांगता आलं नव्हतं. आणि परवा जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच, नजर भिंतीवर, मिनू "आजोबा, आजोबा" करत दंड हलवते आहे आणि ते तिथे नाहीतच... मग एकदम, "काय म्हणत होती वं?"

वेगवेगळी पडलेली ही निरीक्षणं आता कामिनीच्या मनात एका रेषेत आली. त्यांचं भान जातं! काही क्षण, पण पूर्ण जातं... आणि तेव्हा त्यांच्या हातात स्टिअरिंग असतं!

उद्या रविवारी प्रेमिलांच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं, काटोलला. गाडी मनोहररावच नेणार होते. मागे आजी, पुढे हट्टाने सहा वर्षांची मिनू, आणि समोरून संत्र्यांनी भरलेले ट्रक!

संध्याकाळी तिने पियुषला गाठलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. "उद्या गाडी मामाजींना देऊ नका. तुम्ही न्या, नाहीतर मी नेते."

"उद्या माझी शिफ्ट आहे. आणि तू? तू गाडी काढलेली बाबाले चालते का?" तो हसला. "काय झालं, बाबाच्या ड्रायव्हिंगवर डाऊट आहे? अगं, त्यांनी मेळघाटात जीप चालवली आहे!"

"त्यांची तब्येत..."

"काय तब्येत? बोल ना."

शब्द जिभेवर आले. तुमचे बाबा गाडीत... पण ते वाक्य पुरं कसं करायचं? ज्या लेकाच्या डोळ्यांत बाप म्हणजे डोंगर, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ती अडखळली, आणि तेवढ्यात दारातून प्रेमिलांचा आवाज आला, "मले माहीत होतं! माह्या माहेरचं काही निघालं की हिच्या पोटात दुखते. आम्ही जातो, तू नको येऊ, बस घरी!"

"आई, तसं नाही हो..."

"मंग कसं?"

कामिनी गप्प झाली. तिच्या त्या गप्प राहण्यानेच तर इथवर आणलं होतं! प्रत्येक वेळी डाग काढून तिने त्यांची लाज राखली, आणि प्रत्येक वेळी त्यांना पुन्हा त्याच सीटवर बसायला मोकळं केलं. कुणाला वासही येऊ नये इतकं स्वच्छ काम... आणि त्या स्वच्छतेखाली तिचं स्वतःचं लेकरू!

सकाळी पियुषची कंपनीची बस यायला अजून वेळ होता. प्रेमिला हिरवं नऊवार नेसून बाळंतविड्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या, आणि त्यांनी किंकाळीच फोडली.

"अवं, काय केलं हे!"

गाडीचं दार सताड उघडं होतं. कामिनी रिकामी बादली हातात धरून उभी होती. ड्रायव्हरच्या सीटवरून पाणी ओघळत होतं, पायाखालची मॅट भरून पोर्चच्या फरशीवर धार लागली होती.

"सीट धुतली," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"आज? आत्ता? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" पियुष अर्धवट घातलेल्या बुटानिशी धावत आला. "कामिनी, मी तुझ्याशी बोलतोय! बारशाले जायच्या वेळी कोणी सीटवर बादली ओततं का?"

"जळते ही! माह्या माहेरावर जळते!" प्रेमिलांना रडू फुटलं. "ताकवालीनं गाडी नासवली होती, आता माहा दिवस नासवला!"

 बोलू देत, कामिनीला वाटलं. वेडी म्हणू देत, दुष्ट म्हणू देत... फक्त गाडी निघायला नको!

मनोहरराव बाहेर आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचं धोतर, हातात किल्ली. त्यांनी सीटकडे पाहिलं, आणि कपाळावरची शीर फुगली.

"काही बिघडत नाही. पोतं टाकतो, वरून प्लास्टिक टाकतो. पियुष, आण गा. जायचं म्हणजे जायचं."

 हे कामिनीच्या ध्यानातच आलं नव्हतं! एक पोतं, एक प्लास्टिकचा तुकडा... झालं, एवढ्यावर तिचा सगळा उपाय संपला. तेवढ्यात मिनू परकर सावरत पलीकडच्या दाराने आत शिरली आणि पुढच्या सीटवर बसून ओरडली, "आजोबा, चला ना! मी पुढे बसणार!"

मनोहरराव दाराकडे निघाले. आणि कामिनी आडवी आली. ज्या सुनेने लग्नानंतर त्यांच्या नजरेला कधी नजर दिली नव्हती, ती गाडीच्या उघड्या दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"नाही, मामाजी."

"बाजूले हो."

"नाही! माझ्या अंगावरून न्यावी लागेल गाडी."

"कामिनी!" पियुषने तिचा दंड धरला. "बाबाशी असं बोलतात?"

तिने दंड सोडवून घेतला नाही, पण जागाही सोडली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्याही तिने पुसल्या नाहीत. "मला काहीही म्हणा... पण माझी मुलगी त्या गाडीत आहे, मामाजी. तुमची नात आहे ती!"

मनोहररावांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. मग हळूच हात पुढे करून सीटवर पंजा ठेवला आणि दाबला. बोटांच्या फटींतून भसाभस पाणी वर आलं. पार तळापर्यंत भिजवली होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तसाच गोठून राहिला आणि मग हळूहळू उतरू लागला... त्यांनी पाहिलं होतं तिला. एका दुपारी झोप न लागून खिडकीशी उभे असताना त्यांनी पाहिलं होतं, की ही पोरगी थेंबाथेंबाने कापड दमट करते, टॉवेल असा दाबते जसं तापल्या लेकराचं कपाळ टिपावं, आणि फोमला ओल लागू नये म्हणून पुन्हा पुन्हा बोट लावून बघते. आणि हिने आज बादली ओतली!

"तुले समजलं," ते पुटपुटले. "फक्त डाग नाही... सगळंच समजलं तुले."

कामिनीने मान डोलावली.

"काय समजलं? कोणी मले सांगन का?" प्रेमिला डोळे पुसत पुढे आल्या.

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. किल्ली मुठीत आवळली. दिवाळीपासून कितीदा तरी हेच झालं होतं. बोलायचं ठरवायचं, आणि सकाळी किल्ली पुन्हा खिशात टाकायची.

"ताक हिनं सांडलं नव्हतं," शेवटी ते म्हणाले.

"म्हणजे?" पियुषचा हात कामिनीच्या दंडावरून आपोआप सुटला.

"तो वास माहा होता. मी... सीटवर बसल्या बसल्या कपडे खराब होतात माहे. मले कळतच नाही. हिनं साफ केलं सारं. किती वेळा केलं, ते हिलेच माहीत. आणि तुम्ही हिले नावं ठेवत राहिले, मी पेपर वाचत राहिलो."

 प्रेमिलांच्या हातातली पिशवी फरशीवर टेकली.

"काहून नाही सांगितलं वं मले?" त्यांनी सुनेला विचारलं, पण त्या आवाजात आता चीड नव्हती. "मी एवढं बोलली तुले... चारचौघांत बोलली! एक डाव तरी तोंड उघडायचं होतं पोरी!"

"कसं सांगणार होते, आई?" एवढंच कामिनीला बोलता आलं. प्रेमिलांनी तिची ओली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि त्यांना हुंदका आवरेना.

"बाबा, कळतच नाही म्हणजे काय?" पियुष जवळ आला. 

"रस्ता मधातच गायब होते गा." मनोहरराव आता कुणाकडेच पाहत नव्हते. "एका ठिकाणी असतो, आणि एकदम दुसऱ्याच ठिकाणी असतो. मधातलं काही आठवत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात, तवा समजते. एक डाव गाडी दुभाजकाले घासत चालली होती... मी घरी येऊन देवापुढे बसलो, पण तोंडातून निघालं नाही. वाटे, गाडी सुटली की मी बी सुटलो. मंग घरात बसा, कोणी नेलं तर जा, कोणी आणलं तर या. जिंदगीभर दुसऱ्यायले नेलं मी! त्या एका गोष्टीपायी मी या लेकरालेही बसवत होतो बाजूले..."

 कामिनी दारातून बाजूला झाली आणि पहिल्यांदाच तिने त्यांचा हात धरला. 

"मामाजी, यावर औषध असतं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ. तुम्ही सुटत नाही कुठे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं; नजर खाली न घालता, न टाळता. मिनूने गाडीतून डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, कोण नेणार मग आपल्याला?"

मनोहररावांनी एक लांब श्वास घेतला, पाठ ताठ केली, आणि आरडाओरड ऐकून फाटकाबाहेर जमलेल्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुही आई नेईन. आजपासून मी गाडी चालवणार नाही."