बारीक झालेली अक्षरं

"बाई, मी माणूस मारला म्हणतात," वहिनी खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या.

मास्तरांच्या हातातला कप बशीवर आपटला. खासगी तपास करणाऱ्या बाईंच्या बैठकीत रोज काही ना काही ऐकू येई, पण हे असं नाही. बाईंना गल्ली तोंडावर बाई म्हणे आणि मागे टाचणी. मास्तर त्यांचे शेजारी. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि आता फुकटचा चहा आणि फुकटचे सल्ले यांवर दिवस ढकलत होते.

वहिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या. मास्तरांच्या नाकावरचा कोरा करकरीत चष्मा तिथलाच.

"टँकरवाला गेला ना, पुलाचा कठडा तोडून? त्याचा चष्मा आमच्याकडचा. त्याच्या जुन्या नंबराशी ताडला, तर सपशेल चुकीचा निघाला."

"नंबर कोण काढतं?"

"भाऊजी. माझे थोरले दीर. ते आतून आकडे सांगतात, मी कॉम्प्युटरवर दोनदा टाकते. एकदा तपासणीत, एकदा ऑर्डरीत. ऑर्डर बघून आमचे हे काच घासतात. आता तपासणीत नंबर बरोबर दिसतोय आणि ऑर्डरीत चुकीचा. म्हणजे चूक माझीच ना? पण बाई, देवाशपथ सांगते, दोन्हीकडे एकच आकडा टाकला होता!"

"मग तपासणीतला कोणीतरी नंतर बदलला."

"घरातलं कोण बदलेल हो? उद्या सकाळी फौजदार न्यायला येणार आहेत मला." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "रडून रडून दृष्टीसुद्धा गेली. त्या दिवसापासून कॉम्प्युटरवरची अक्षरं बारीक दिसायला लागलीत."

मास्तरांनी कपाळ चोळत खिशातून डोकेदुखीची गोळी काढली. वहिनींनी पाकिटाकडे एक नजर टाकली. "मास्तर, थांबा! हिची मुदत कधीच संपलीय."

मास्तरांनी पाकीट उलटसुलट केलं. त्यांना ती तारीख काही सापडली नाही.

बाई मात्र वहिनींकडे टक लावून बघत होत्या. "चला, दुकान बघू," त्या म्हणाल्या.

दुकानाच्या पायरीला मास्तर अडखळले. नवा चष्मा आल्यापासून पायऱ्या कुठे सुरू होतात तेच त्यांना समजत नव्हतं.

पुढे काउंटर, त्यावर कॉम्प्युटर, डावीकडे तपासणीची खोली आणि मागे काच घासण्याची मशीन. मशीनवर वहिनींचे यजमान होते. त्यांनी हात पुसले, पण मान वर केली नाही.

"स्क्रीनवर दिसलं ते घासलं मी. दादा खोटं बोलणार नाही आणि हीसुद्धा. मी कोणाच्या बाजूनं बोलू, तुम्हीच सांगा."

"बातमी आली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"ही धावत दवाखान्यात गेली. मी शटर अर्धं ओढून टँकरवाल्याच्या घरी गेलो. दादा आणि पोरगा येऊनजाऊन होते. त्या दुपारी कोण कधी एकटं होतं, देव जाणे."

पोरगा म्हणजे थोरल्यांचा मुलगा. गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवणं त्याचं काम. काकूचं आणि त्याचं दिवसातून दोनदा वाजे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"तूच बदललास का रे नंबर?" मास्तरांनी सरळ तोफ डागली.

"मी कशाला? भांडतो म्हणून काय झालं, डबा काकूच्याच हातचा खातो मी!" पोराचा चेहरा लाल झाला.

बाईंनी स्क्रीनकडे बोट केलं. "ही अक्षरं नेहमी एवढीच असतात?"

पोरानं वाकून पाहिलं. "नाही हो. काकू मान पुढे काढून वाचायची, म्हणून मीच एक पायरी मोठी करून दिली होती, हा कॉम्प्युटर आणला त्याच दिवशी. आता ही कंपनीनं दिलेल्या मूळ मापावर गेलीत. अपडेट आला असेल..." तो थबकला. "पण याला नेट जोडलेलंच नाही."

"कोणी काय बदललं, याची नोंद राहते?"

"या जुन्या प्रोग्राममध्ये? छे!"

तपासणीच्या खोलीत थोरले चष्म्याची काच पुसत बसले होते. गोरेपान, शांत आणि गल्लीत वजन असलेले. बोलताना ते मान जरा तिरकी करून बाईंच्या कानाकडे बघत होते. मास्तरांना वाटलं, घरावर आलेल्या प्रसंगानं माणूस नजरेला नजर देत नाही.

"भावजय वाईट नाही," थोरले म्हणाले. "पण हात चुकला तिचा. मी काय करणार?"

मास्तर खोकले.

"अरे, मास्तर आलेत वाटतं! कसा आहे चष्मा?"

"डोकं दुखतं हो."

"सवय लागते. बसा, वाचा समोरचा तक्ता."

मास्तर वाचू लागले. तिसऱ्या ओळीत थोरले काच पुसता पुसताच म्हणाले, "म नाही, भ."

"या माणसाला पाठीलाही डोळे आहेत!" बाहेर पडताना मास्तर म्हणाले.

जाता जाता बाईंनी पोराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले, तेव्हा घरातले सगळे दुकानात उभे होते. वहिनींनी कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती. ती पाहून त्यांच्या यजमानांनी तोंड फिरवलं.

"फौजदारसाहेब, न्यायच्या आधी मास्तरांचे डोळे एकदा तपासू द्या," बाई म्हणाल्या.

फौजदारांना ही थट्टा वाटली. पण बाईंचा चेहरा थट्टेचा नव्हता. सगळे तपासणीच्या खोलीच्या दाराशी जमले. थोरले आपल्या खुर्चीवर बसले. मास्तर वाचू लागले.

"ट... र... ल..."

"चुकलं," थोरले म्हणाले. "क, ग, स. मास्तर, नीट बघा."

तक्त्यावर सगळ्यात वरच्या ओळीत, हाताएवढ्या अक्षरांत, ट, र, ल लिहिलं होतं.

"बाबा," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "काल मी तक्ता बदलला. बाईंनी सांगितलं म्हणून. बाबा, तुम्हाला तो दिसत नाही?"

थोरल्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. फौजदार एकदा तक्त्याकडे आणि एकदा थोरल्यांकडे बघत राहिले.

"यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय," बाई म्हणाल्या. "कडेचं दिसतं, म्हणून चालता येतं. माणूस बघायचा तर मान तिरकी करून त्याच्या कानाकडे बघावं लागतं. मास्तर खोकले तेव्हाच यांनी त्यांना ओळखलं. तक्ता तर पाठच आहे. पण तपासणीच्या काचांच्या कडेवरचे बारीक आकडे पाठ कसे असणार? तिथे टँकरवाल्याचा नंबर चुकला."

"आणि कॉम्प्युटर?" फौजदारांनी विचारलं.

"वहिनींना वाटलं, रडून आपली दृष्टी गेली. पण गोळीच्या पाकिटावरची मुंगीएवढी तारीख त्यांनी एका नजरेत वाचली. म्हणजे डोळे शाबूत होते, स्क्रीनवरची अक्षरंच बारीक झाली होती. नेट नाही, म्हणजे हे माणसाचं काम. टँकरवाल्याच्या जुन्या नोंदीतला नंबर तपासणीत टाकायला बसलेल्याला अक्षरं दिसेनात, म्हणून त्यानं ती खूप मोठी केली. काम झाल्यावर मागमूस राहू नये म्हणून मूळ मापावर नेऊन ठेवली. पोरानं हे केलं असतं तर काकूचं माप त्यानं बरोबर परत लावलं असतं. ते त्यानंच लावलेलं. आणि त्याला किंवा धाकट्यांना अक्षरं मोठी करायची गरजच काय? कंपनीनं दिलेलं मूळ मापच वहिनी वापरतात, असं समजणारा एकच होता. कारण वहिनींची अक्षरं मोठी आहेत, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं."

धाकटे भिंतीला टेकले. "दादा, तू माझ्या बायकोला जेलमध्ये पाठवत होतास?"

"चष्मेवाल्याचेच डोळे गेले, हे कळल्यावर दुकानात कोण आलं असतं रे?" थोरले कसेबसे म्हणाले. "आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. टँकरवाला गेला आणि मग फार घाबरलो."

मास्तरांनी हळूच आपला नवा चष्मा काढला.

"मग... बाकीचे?" ते म्हणाले.

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. पोरानं रस्त्याकडे पाहिलं. समोर एक ट्रक मागे येत होता. चालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं आणि त्याच्या नाकावरची फ्रेम पोरानं स्वतःच विकली होती. तो "थांबा, थांबा!" करत अनवाणीच धावत सुटला.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"एकेकाला फोन करते. सगळ्यांना. चष्मा उतरवून ठेवा म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अक्षरांचं माप वाढवायला घेतलं. एक पायरी, अजून एक, अगदी शेवटपर्यंत. स्क्रीनवर जेमतेम एकच फोन नंबर मावला. तो स्क्रीन त्यांनी थोरल्यांकडे फिरवला.

"पण पहिला फोन तुम्ही करायचा, भाऊजी. टँकरवाल्याच्या बायकोला."

थोरले पुढे आले. मान तिरकी करून, नाक जवळजवळ काचेला लावून त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. एकही चुकला नाही.

पलीकडे घंटा वाजू लागली.