आले तीन, गेले दोन

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक रान समोर आणा. घनदाट नाही. शहराला लागून असलेलं, बसायला बाकं आणि वाट दाखवायला पिवळे बाण असलेलं. अर्ध्या तासात फिरून होईल एवढंच.

रविवार होता. सकाळचे अकरा. लख्ख ऊन.

हे खरं घडलंय. जिच्या बाबतीत घडलं ती बिट्टी माझ्याच वर्गात होती. तिनं सांगितलं तसंच सांगतो.

बिट्टीला आई नव्हती. बाबा आणि आत्या, एवढंच तिचं घर. बाबा कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते.

त्या रविवारी तिघं त्या रानात आली होती. तिथे कुणीतरी एक पत्रपेटी लपवली होती. ती शोधायची, आतल्या रबरी शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, पेटीतल्या वहीत नोंद करायची आणि पेटी होती तिथे परत ठेवायची. एवढाच खेळ.

तिसऱ्या बाकामागच्या झाडाच्या ढोलीत बिट्टीला ती सापडली. पत्र्याची, गंजलेली.

वहीत दोनच रकाने होते. 'आले' आणि 'गेले'.

दुसऱ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं... 'निघताना भरावे.'

बाबांनी दोन्ही एकदमच भरून टाकले. 'आले'चा आकडा बिट्टीनं मोजून सांगितला, तीन. 'गेले'चा त्यांच्या हातानंच लिहिला.

दोन.

आत्या हसत म्हणाली, "दादा, तू काय इथेच मुक्काम ठोकणार का?"

बाबाही हसले. रजिस्टर लिहिणारा स्वतःला मोजत नसतो, बारा वर्षांची सवय आहे, म्हणाले. बिट्टीनं आकडा सुधारायला सांगितलं, तर म्हणे गेटवर खाडाखोड चालत नाही.

पेटी ढोलीत ठेवून तिघं निघाली. पुढे बिट्टी, मागे आत्या, शेवटी बाबा. त्यांचे बूट करकर वाजत होते.

करकर... करकर...

मग वाजेनासे झाले.

बिट्टीनं वळून पाहिलं. वाट सरळ होती. लपायला झुडूपसुद्धा नव्हतं.

बाबा नव्हते.

आधी वाटलं, थट्टा करताहेत. दोघींनी हाका मारल्या. आत्यानं फोन लावला.

रिंग ऐकू आली... मागून, ढोलीतून.

दोघी धावल्या. रिंग पेटीत वाजत होती. बिट्टीनं झाकण उघडलं...

आवाज बंद. आत फोन नव्हता. वही, पेन, शिक्का, एवढंच.

बिट्टीनं पेन घेतलं आणि तो 'दोन' कागद फाटेपर्यंत गिरवून खोडला. बाजूला 'तीन' लिहिलं.

काहीच झालं नाही.

दोघींनी ते रान तीनदा पिंजून काढलं. हाका मारून आत्याचा घसा बसला. शेवटी ढोलीपाशी ती मटकन खाली बसली आणि पुटपुटली, "दादा, पुरे झालं रे. ये ना."

करकर... करकर...

वाटेवर, बाणाशेजारी, बाबा उभे होते. हात पुढे केलेला.

"चला. उशीर झाला."

आत्या रडतच उठली. तेवढ्यात ढोलीच्या आतून, फार खोलवरून, आवाज आला...

"बिट्टे... मला सोडून जाऊ नका गं."

तोही बाबांचाच होता.

वाटेवरचे बाबा हसले. "चला," ते पुन्हा म्हणाले. हात तसाच पुढे.

मुलांनो, शेवट काय झाला ते बिट्टीनं कधीच सांगितलं नाही. एवढी वर्षं झाली, कोणते बाबा खरे हे मला अजून ठरवता येत नाही. रात्री पडल्या पडल्या तेच मनात येतं. आत्यालाही तेव्हा ठरवता आलं नाही. ती मधेच थिजून उभी राहिली.

बिट्टीनं डाव्या हातानं आत्याचं मनगट घट्ट धरलं. "आत्या, इथून कुणीच हलायचं नाही," ती म्हणाली.

मग ती गुडघ्यांवर बसली, उजवा हात खांद्यापर्यंत त्या काळ्या ढोलीत घातला आणि बोटं पसरून धरली.