उलटं दार

बसा सगळे. दिवा राहू दे तसाच. तू जुनी गाडी घेतोयस म्हणून तुझ्या आईनं सकाळपासून माझं डोकं खाल्लंय, म्हणते, भावोजी, तुम्ही तरी समजवा. मी कशाला समजावू? माझ्या साडूच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. ऐकून घे, मग हव्या तर दोन घे.

साडू म्हणजे तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चष्म्याचं दुकान. माणूस सरळ, पण जुन्या गाडीचं वेड असं की माझी मेहुणी म्हणायची, माझ्या तापात हे कधी एवढे जागले नाहीत. गाडी त्यानं एका निवृत्त मास्तरांकडून घेतली होती. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती. घरी आणल्यापासून साडूचं एकच पालुपद, सगळं मूळचं पाहिजे. आतलं एक बटण दुसऱ्या गाडीचं निघालं तर त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिचं मागचं डावं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं होतं. मास्तरांना त्यानं घेतानाच विचारलं होतं. ते म्हणाले, उघडायचं तर तुम्ही उघडा, माझा हात धजला नाही. साडूला वाटलं, कुलूप बिघडलं असेल आणि म्हाताऱ्यानं चिक्कूपणा केला असेल. एका रविवारी त्यानं स्वतः ग्राइंडर घेऊन ते वेल्डिंग कापलं. मूळच्याच नमुन्याची नवी कडी, नवं रबर. दार इतकं सुरेख लागायला लागलं की नुसता आवाज ऐकायला तो ते पुन्हा पुन्हा लावून बघायचा.

आता हे समजून घे. त्या काळच्या काही गाड्यांचं मागचं दार उलटं उघडायचं. बिजागऱ्या मागे, कडी पुढे. गाडी पळत असताना ते जरासं सुटलं की वारा त्याला धरून पार मागे फेकतो. मेहुणी म्हणाली, आतून एक साधी खिटी तरी लावा, घरात पोर आहे. हा म्हणाला, मूळ गाडीत खिटी नव्हती.

पोर म्हणजे त्याची लेक, सात वर्षांची. आम्ही तिला टिटवी म्हणायचो, तोंड मिटायचंच नाही तिचं. मी खांद्यावर घेऊन फिरवली होती तिला.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. सासूबाईंना स्टेशनवर सोडायचं होतं. जाताना आजी-नात मागे बसल्या, गप्पा मारत गेल्या, काही झालं नाही. आगगाडी सुटली, आजीला हात हलवून झाला आणि बापलेक परत निघाले. टिटवी मागे एकटी, उजव्या खिडकीशी. कालव्याच्या कडेचा रस्ता लागला तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. पुढचं साडूनं मला सांगितलं, तसंच सांगतो.

ती गाणं म्हणत होती. मधेच थांबली.

"बाबा, हिला सांगा ना."

"कोणाला गं?"

"ही मला सरक म्हणते."

साडू हसला. पोरीचा खेळ वाटला त्याला. म्हणाला, "मग सरक की. एवढी मोठी सीट आहे."

थोडा वेळ गेला.

"सरकले, बाबा."

रस्ता रिकामा. वळण जवळ येत होतं.

"बाबा... अजून सरक म्हणते."

त्यानं आरशात बघितलं. टिटवी डाव्या दाराला चिकटून बसली होती. गाल काचेला लागलेला. बाकी सीट रिकामी.

त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"बाळा, दाराला हात लावू नकोस."

"मी नाही लावला... "

बस. एवढंच.

किंकाळी नाही. वाऱ्याचा झोत नाही. गाडी थांबली. त्यानं मागे वळून बघितलं.

सीट रिकामी.

दार बंद.

कडी लागलेली.

ती मागे सापडली. कालव्याच्या कठड्यापाशी. मी पोचलो तेव्हा तिला झाकलं होतं... नको. ते नाही सांगत.

पोलिसांनी साडूला रात्रभर बसवून एकच विचारलं. पळत्या गाडीचं उलटं दार उघडलं, तर परत लागलं कसं? पुढे पुरावा नाही म्हणून त्यांनी सोडलं. मेहुणीनं नाही सोडलं. ती आजही त्याला ताट वाढते आणि समोर बसून तेच विचारते, दार परत लागलं कसं? तो खाली मान घालून जेवतो.

आठवड्यानं आम्ही दोघं मास्तरांकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाले की त्यांची मुलगीही त्याच दारातून गेली होती. एवढीच होती. त्यानंतर त्यांनी दार जोडून टाकलं. साडूनं त्यांची गचांडी धरली. मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला मारतो.

"सांगितलं का नाही?"

मास्तरांनी हात सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. आवाज अगदी साधा.

"एकटी होती हो ती," म्हणाले. "इतकी वर्षं... एकटीच बसायची मागे."

साडूचे हात आपोआप सुटले. मला त्या माणसाचा आजही राग येतो.

गाडी अजून साडूच्या गॅरेजमध्ये कुलपात आहे. विकायची कोणाला? तो तिकडे फिरकत नाही, किल्ली माझ्याकडे आहे. अधूनमधून जाऊन मी काचा खाली करतो, आत कुबट वास धरू नये म्हणून. मागच्या सीटवर दोन खळगे पडलेले असतात. लहान, एकमेकांना चिकटून. हातानं चोळलं की स्पंज वर येतो. पुढच्या वेळी गेलो की पुन्हा असतात. मेहुणीला मी सांगितलेलं नाही.

परवा गेलो होतो. खळगे होते, पण पार उजवीकडे सरकलेले.

डावीकडे, दाराजवळ, एका माणसापुरती जागा सोडलेली होती.