कॅसेटमध्ये न मावलेलं गाणं

शिडीवर उभी राहून ती क्लबच्या हॉलचा नवा पडदा कड्यांत ओवत होती. खाली गिटारवाला सराव करत होता. गाता गाता तो अचानक थांबला. तिने वाट पाहिली... पुढचं काही येईना.

"अहो, पुढचं कुठंय?"

त्याने वर पाहिलं. आधी शिडी दिसली, मग जांभळ्या कापडाचा ढीग, मग दोन रागावलेले डोळे.

"संपलं."

"संपलं कसलं! अजून एक कडवं आहे, सगळ्यात गोड."

"मामाच्या कॅसेटमध्ये इथंच संपतं."

"मग कॅसेट संपली असेल!"

ड्रमवर बसलेली त्याची ताई खो खो हसली. "अगं बाई! म्हणून लोक टाळ्या वाजवत नाहीत. त्यांना वाटतं, याची तार तुटली!"

एरवी त्याचं चष्म्याचं दुकान होतं. रविवारी दुपारी ही भावंडं आणि त्यांचे दोन मित्र इथे एका जुन्या बँडची गाणी वाजवत. लोकांना हवी असत ती गाजलेलीच. हे गाणं त्याच बँडच्या एका अल्बमच्या कोपऱ्यात पडून राहिलेलं, पण गिटारवाल्याचा जीव त्याच्यावर. शेवटी ताईने ठणकावलं होतं, "या रविवारी एकाने तरी टाळी वाजवली तर गाणं राहील, नाहीतर कायमचं बाद. आणि घरच्यांची टाळी धरायची नाही. आई काय, माइक तपासला तरी वाजवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गिटार घेऊन पडदेवालीच्या शिवणखोलीत हजर.

"शेवटचं कडवं शिकवा. हे गाणं मी हातचं जाऊ देणार नाही."

तिने रेकॉर्ड लावली. जुनाट खरखर... आणि मग ते कडवं. सगळ्या गाण्यात नुसता आडून आडून बोलणारा माणूस तिथे एकदाचं मनातलं सांगून टाकतो.

"एवढं आडबाजूचं गाणं तुम्हाला कसं सापडलं?"

"हात कापडात गुंतलेले. उठून रेकॉर्डची सुई पुढे कोण नेणार? लावलं ते सगळं ऐकायचं. आधी हे फार कंटाळवाणं वाटायचं... मग कधी आवडायला लागलं, कळलंच नाही."

कडवं त्याला त्याच दुपारी आलं. तरी तो रोज येत राहिला.

"काल तर येत होतं!"

"विसरलो."

"खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात."

"तुम्ही माझे कान कशाला बघता?"

तिने मान खाली घालून मशीन चालवलं... आणि दोरा तुटला.

रविवारी हॉल भरला. तो गायला. नेहमीच्या जागी न थांबता पुढे गेला, सावकाश, डोळे मिटून. शेवटचा सूर विरला. कुणीतरी कपात चमचा फिरवला. कुणीतरी खुर्ची सरकवली. बस्स.

मग खिडकीजवळून टाळी आली. एकटीच, पण थांबेना. जांभळ्या पडद्याशेजारी उभी राहून ती वाजवत होती.

"वाजली! राहिलं गाणं!" गिटारवाला ओरडला.

ताईने काठ्या मांडीवर ठेवल्या. "ती धरायची नाही. घरची आहे."

"मी कुठं घरची?" पडदेवाली गोरीमोरी झाली.

"रोज दुपारी दुकान बंद करून हा कुठं जातो, मला काय कळत नाही?"

गिटारवाल्याने गिटार खाली ठेवली आणि सरळ खिडकीपाशी गेला.

"ताई म्हणते ते... तू घरची होशील?"

"हो म्हटलं तर गाणं जाईल."

"जाऊ दे."

"नीट विचार करा. एवढे झटलात त्याच्यासाठी."

"केलाय. इथं नाही तर घरी वाजवीन. तू ऐकशील ना?"

तिने पडद्याची कड मुठीत घट्ट धरली... सोडली. मग त्याच्या खांद्यावरून पाहत, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ताई, माझी टाळी धरू नका!"