शिट्टीच्या गाण्याचं तिसरं कडवं

माझ्या पार्लरमध्ये घड्याळ आहे, पण केस कुरळे करायचा पर्म मी कधी घड्याळावर केला नाही. पर्म कॅसेटवर. नवीन गिऱ्हाईक हे ऐकून बिचकतं, पण त्यात जादूटोणा काही नाही. हे काम मला कुणी शिकवलं नाही. औषधाच्या खोक्यात जो कागद यायचा तो वाचून वाचून शिकले. केस बारीक रोलरवर गुंडाळा, औषध लावा, बारा मिनिटांनी धुवा. बारा म्हणजे बारा. कमी पडली तर केस वळत नाहीत, जास्त झाली तर तुटून हातात येतात. दोन्ही हात औषधाने बरबटलेले असताना घड्याळाकडे माना वळवत कोण बसणार? म्हणून ताईची कॅसेट लावायची. पहिली तीन गाणी मिळून बरोबर बारा मिनिटं. तिसरं शिट्टीचं. त्याला दोन कडवी, शेवटी एक लांबलचक शिट्टी, आणि शिट्टी संपली की गिऱ्हाईक बेसिनपाशी. जुन्या बायका तर शिट्टी ऐकली की आपणहून उठायच्या.

ती कॅसेट ताईने एकोणिसाव्या वर्षी घरी भरली होती. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, आवडतं गाणं लागलं की बटण दाबायचं आणि घरात सगळ्यांनी श्वास रोखायचा. रोखत कुणीच नसे. त्यामुळे पहिल्या गाण्यात आई खोकते, दुसऱ्यात दार आपटतं, आणि शिट्टीच्या गाण्यात, पहिल्या कडव्यानंतर, अकरा वर्षांची मी विचारते, "झालं का गं?" त्यावर ताईचं "श्श!"

तेव्हा ताईला पर्म होता. खांद्यापर्यंत कुरळे केस आणि कानांच्या बाजूंना एवढे फुगलेले की ही दारातून तिरकी शिरते, असं बाबा म्हणायचे. "घरात मेंढी कुणी सोडली?" हेही बाबाच. मला मात्र त्या केसांपुढे जगातलं दुसरं काही सुंदर वाटत नव्हतं. ताई जाईल तिकडे मी मागे. ती मला चिमी म्हणायची.

आता ताई साठीची आणि मी बावन्न वर्षांची. दीड वर्षापूर्वी ती आजारी पडली. मी तिला माझ्याकडेच आणलं. दवाखाना, औषधांच्या वेळा, बादल्या, चादरी, सगळं केलं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणजे, आहे. बरी होता होता ताई मागे मागे चालायला लागली. सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं. तेव्हाची गाणी म्हणजे गाणी, आता नुसती आदळआपट. तेव्हाच्या केसांना वळण होतं, आताच्या मुली इस्त्री केल्यासारख्या. मी तिच्या गोळ्या मोजायचे. मग ती माझ्याकडे बघायची, शेजारीण बसायला आल्यासारखी, आणि म्हणायची, "आमची चिमी काय गोड होती गं. सारखी माझ्या मागे."

"ताई, चिमी मीच."

"हो गं. पण ती वेगळी."

ज्या पोरीने हिला कधी पाण्याचा पेला दिला नाही, ती गोड. आणि जिने हिचं डोकं मांडीवर घेऊन आठवडे काढले, ती कोण? मला फार काही नको होतं. हिने एकदा डोळे उघडून मला बघावं, आता आहे त्या मला, एवढंच.

उपचारांत गेलेले केस परत आले. चार बोटं लांब, पांढरे, तान्ह्या मुलासारखे मऊ. ते आले तसा ताईने हट्ट धरला.

"मला पर्म करून दे. तेव्हासारखा."

"चार बोटांच्या केसांचा? वेडी आहेस का? तुटतील."

"तुटू देत."

"दीड वर्ष वाट बघितलीस त्यांची!"

"म्हणूनच. आरशात ती म्हातारी येऊन बसते रोज. मला ती नको."

"आणि तिच्या मागे कंगवा घेऊन उभी असते ती?"

ताईने पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. मी हातातली कपबशी जरा जोरात ठेवली. कपाचा कान उडाला.

तीन आठवडे हेच. डॉक्टर नाही म्हणतील या आशेवर मी त्यांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, करा, पण जपून. त्यांचं काय जातं! मी सगळ्यात सौम्य औषध आणलं आणि कानामागच्या एका बटेवर करून बघितलं. बट चांगली वळली. मग माझ्याकडे नाही म्हणायला कारणच उरलं नाही.

मंगळवारी दुपारी दाराला 'बंद'ची पाटी लावली. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. ताईला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल, कपाळावर कापसाची पट्टी. रोलरवर केसांचे जेमतेम दोन दोन वेढे बसत होते. बावीस रोलर लागले. कॅसेट हवीच, असं तिचं म्हणणं होतं, ती लावली. प्लेअरला दोन चापट्या मारल्यावर तो फिरायला लागला. पण आज मी शिट्टीवर अवलंबून राहणार नव्हते. फोनवर बारा मिनिटं लावली आणि तो आरशाला टेकवून ठेवला.

पहिल्या गाण्यात आई खोकली.

"आई," ताई डोळे मिटूनच म्हणाली आणि हसली.

दुसऱ्यात दार आपटलं. सगळं जिथल्या तिथे. औषधाचा तो उग्र वास खोलीभर पसरला. मी एक रोलर थोडा सोडून बघितला. केस वळायला लागले होते. शिट्टीचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं.

"झालं का गं?" अकरा वर्षांच्या मी विचारलं.

"श्श" आलं नाही. एकोणीस वर्षांची ताई अगदी सावकाश म्हणाली, "अजून नाही. थांब."

तीस वर्षं मी ही कॅसेट वाजवतेय. पण माणसाचे कान चुकतात, माझे तर दिवसभर हेअर ड्रायरपाशी असतात. मी मनावर घेतलं नाही. दुसरं कडवं संपलं. आता शिट्टी.

शिट्टीच्या जागी तिसरं कडवं सुरू झालं.

मी फोनकडे बघितलं. एक मिनिट चाळीस सेकंद बाकी. कॅसेटच ओढत असेल, जुनी झालीय. पण कॅसेट ओढली की आवाज जड होतो, शब्द लांबतात. हा आवाज स्वच्छ होता आणि शब्द नवीन होते. आरशात ताईचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. एकही न चुकता.

"ताई, हे कडवं तुला कुठून येतं?"

ती आपली गुंगलेली.

मी पुन्हा फोनकडे बघितलं. एक मिनिट चाळीस सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकाच जागी थरथरत होता. सेल संपला असेल, मी स्वतःला सांगितलं. फोन अडकला असेल. दोन्ही एकदमच? असेल.

आणि केसांवर औषध तसंच होतं. किती वेळ, ते मला सांगता येत नव्हतं. या कामात मला तेवढं एकच नीट सांगता यायचं.

"ताई, जळजळतंय का डोकं? खरं सांग."

"नाही गं. ठेव अजून."

उत्तर लगेच आलं. पण मी आरशात तिच्याकडेच बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते. उत्तर प्लेअरमधून आलं होतं.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. इथेही तीच! मी विचारतेय, मी उभी आहे, आणि उत्तर देणार ती एकोणीस वर्षांची! मी बटण एवढ्या जोरात दाबलं की नखाची चंद्रकोर निघाली. कॅसेट थांबली. चक्रं स्थिर झाली.

गाणं चालूच राहिलं. आता ताई गात होती. आजारानंतर खुर्चीपासून बेसिनपर्यंत जाताना जिला मध्ये थांबून दम घ्यावा लागायचा ती ताई, कुठेही न थांबता.

कडवं संपलं. ताईने ओठांचा चंबू केला आणि शिट्टी वाजवली. लांब, स्पष्ट, शेवटपर्यंत.

मग ती आपणहून उठली आणि बेसिनपाशी जाऊन बसली.

मी धुतलं. वळण पक्कं करणारं दुसरं औषध लावलं, पुन्हा धुतलं. हात सवयीने चालत होते. पाण्यात एकही केस आला नाही. मला रडू आलं ते आधी सुटकेचं होतं.

खुर्चीत बसवून पहिला रोलर सोडला. दोन वेढे दिले होते. दोन सुटले. तिसरा सुटला. चौथा.

बट खांद्यावर येऊन टेकली.

काळी होती.

मी आरशात बघितलं नाही. फक्त रोलर मोजले. बाविसावा सुटला तेव्हा मानेवरची कातडी दिसली. तिथली उपचारांची खूण मी दीड वर्ष रोज पुसली होती. ती नव्हती.

ताईने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. हाताने केस फुगवले. आणि मग आरशातून तिने माझ्याकडे बघितलं. डोळे पूर्ण उघडून, नीट, पहिल्यांदाच.

"छान झालेत, काकू," ती म्हणाली.

"ताई, चेष्टा पुरे."

ती ओशाळली. अनोळखी मोठ्या बाईने दटावलं की मुली ओशाळतात, तशी. "माझं काही चुकलं का?" मग जरा थांबून, अदबीने, "माझी धाकटी बहीण आलीय सोबत. बाहेर कंटाळली असेल. तिला आत बोलावता?"

बाहेर कुणी नाही हे तिला दाखवावं, एवढाच मी विचार केला. दोघींनी एकदा रिकामा रस्ता बघितला की सगळं जागेवर येईल. मी जाऊन दार सताड उघडलं. कोपऱ्यापर्यंत नुसतं ऊन.

"बघ," मी चौकटीत उभी राहून म्हणाले. माझा आवाज मलाच म्हातारा वाटला. "बघ ताई. कुणी नाही."

माझ्या कोपराच्या उंचीवरून, धावत आल्यासारखं धापा टाकत, कुणीतरी म्हणालं, "जरा सरका ना, काकू."

मी सरकले.